एक सुई कमी

कांताक्का गोठ्यात शिरली की पहिल्यांदा मालकाला बाहेर काढायची. "तुमी जरा च्याचं बघा," म्हणायची, आणि चहा मात्र कधी प्यायची नाही. मालक गेला की दोन्ही हात काखेत धरून ती जनावरापासून चार पावलांवर नुसती उभी राहायची. पाच मिनिटं, कधी दहा. तपासणं नाही, बोलणं नाही. नवख्याला वाटावं, या बाईला पुढचं काही आठवत नाहीये. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मालक शेजारी असला की ढोर मालकाकडं बघतं अन् मालक माझ्याकडं. मंग दुखण्याकडं कुणी बघायचं?" हात काखेत कशासाठी, ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते तिच्याबरोबर हिंडून कळलं. गार हात लागला की दुखऱ्या गाईची कातडी थरथरते. म्हणून हात आधी ऊबदार करून घ्यायचे.

गोठ्यात जाताना एकदा आणि निघताना एकदा ती बादलीतल्या लाल, जंतुनाशक औषधाच्या पाण्यात पाय बुडवायची. एका गोठ्यातलं दुखणं आपल्या पायानं दुसऱ्या गोठ्यात जायला नको, एवढंच. पण तीस वर्षं हे केल्यावर तिचे पाय घोट्यापर्यंत कायमचे तपकिरी झाले होते. लग्नात बायका विचारायच्या, "अक्का, ही कुणाच्या लग्नाची मेंदी?" ती शांतपणे सांगायची, "वाटूरच्या म्हशीच्या."

कांताक्का माझी चुलत बहीण, थोरल्या काकांची लेक, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत गोदामाच्या नोंदी ठेवतो. कपाशीच्या बियाण्याच्या पिशव्या मी आयुष्यभर मोजल्या, पण त्यातलं एक बी माझ्या हातानं मातीत पडलेलं नाही. आमच्या घराण्यात शेती काकांनी केली, शिकली कांताक्का, आणि बोलण्याचं काम माझ्या वाट्याला आलं. लग्नकार्यात जेवणं उरकली की पोरंसोरं मला घेरतात. "काका, ती म्हशीची गोष्ट सांगा!" मी सांगतो आणि दरवेळी म्हैस थोडी मोठी होते. ही गोष्ट मात्र मी कुठल्याच लग्नात सांगितलेली नाही.

बारावीनंतर अक्कानं पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा केला. लोक तिला डॉक्टर म्हणत आणि ती न चुकता दुरुस्ती करी, "डॉक्टर वरच्या दवाखान्यात बसतेत. मी डिप्लोमावाली." वाटूरच्या बाजूला तिची नेमणूक झाली त्या पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी धावत आला. म्हैस अडली होती.

"डॉक्टर कुठं गेल्ते?"

"मीच हाय. चला."

"तसं न्हाई. गडीमाणूस कुणी?"

अक्का त्याच्या गोठ्यात गेली, साबणाच्या पाण्यानं हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि त्याच्या ओंजळीत ठेवल्या. "गडीमाणूस तुमी हाईत न? मंग ह्या सांभाळा. एक बी फुटली न्हाई पायजे." बाई खांद्यापर्यंत हात घालून म्हशीशी झगडतेय आणि हा गडी ओंजळीत डझनभर काचेच्या बांगड्या घेऊन तासभर कोपऱ्यात उभा. हलता येईना, ओरडता येईना. रेडकू जिवंत निघालं. ही गोष्ट तालुकाभर झाली ती अक्कामुळे नव्हे, त्या शेतकऱ्यानंच ती सगळीकडे सांगितली. शेवटाला म्हणायचा, "एक बी फुटू दिली न्हाई बरं का मी!"

तिचा दुसरा उद्योग, बैलांच्या साजाचा, तो मात्र एका जखमेतून निघाला. एका बैलाच्या नाकात नायलॉनची वेसण रुतून किडे पडले होते. तेव्हा मी रजेवर होतो आणि उगाच तिच्यामागे हिंडत होतो. तिनं चिमट्यानं पहिला किडा काढला आणि मी शेणात आडवा झालो. त्या दिवशी तिनं दोन पेशंट तपासले, आणि आमच्या घरात अजून कुणी ते विसरलेलं नाही. पंधरा दिवसांनी त्याच बैलाला तीच जखम. महिन्यानं पुन्हा. तिसऱ्यांदा मात्र अक्का तडकली.

"औषध मी लावायचं अन् करवत तुमी लावायची, असं किती दिवस चालायचं?"

"बाई, सुताची दोरी आता मिळती कुठं?" मालक म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

मग तिनं घरीच सुती दोरी वळायला घेतली. मऊ, बोटाएवढी जाड. वेसणी केल्या, तोंडावर बांधायच्या मोरक्या केल्या आणि गावोगाव फुकट वाटल्या. कुणी वापरल्या नाहीत. एकानं स्पष्टच सांगितलं, "बाई, हे पांढरं दावं बैलाला घातलं तर लोकं म्हणतील, ह्यांच्याकडं खायला न्हाई." अक्कानं त्याच मोरकीला लाल-पिवळ्या लोकरीचा गोंडा लावला, दोन आरसे टाचले. आठवड्यात सगळ्या संपल्या. "गोंडा मालकासाठी, दोरी बैलासाठी," ती म्हणायची. पुढे मी या विषयावर पाऊण तास बोलू लागलो, पण तिच्या त्या चार शब्दांच्या पलीकडे माझ्याही बोलण्यात काही नसायचं.

हळूहळू वाटूरच्या तिच्या घरातल्या पुढच्या खोलीत चार बायका कामाला बसू लागल्या. झुली, कपाळपट्ट्या, गोंडे. आमचे दाजी, म्हणजे तिचे यजमान, एसटीत कंडक्टर होते. सुट्टीच्या दिवशी ते तिकिटं फाडावीत तितकं मन लावून लोकर कातरत बसत. धंद्याचा एकच नियम होता: तयार माल विकायचा नाही. प्रत्येक बैलाचं माप घ्यायचं. शिवणाचा टेप आणि थर्मामीटर तिच्या एकाच खिशात असायचे. कपाळाचं, मानेचं, पाठीचं माप घेता घेता तिची बोटं काय काय शोधून काढायची: जबड्याखालची सूज, कासऱ्यानं पडलेला घट्टा, कानामागच्या गोचिडी. जो शेतकरी "औषधाला या" म्हणून कधी बोलवत नसे, तो "मापाला या" म्हणून हौसेनं बोलवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाचे खांदे हळदी-तुपानं चोळतात. त्या दिवशी ती रजा टाकून गावं हिंडायची. "वर्षातून एक दिवस मालक सोताहून बैलाचा खांदा बघतो," म्हणायची. "त्या दिवशी आपण संगं असावं. सोलवटलेलं दिसलं की त्याला बी दिसतं."

मी या उद्योगाचा मार्केटिंग मॅनेजर होतो. मला कुणी नेमलं नव्हतं. दर रविवारी मोटारसायकलवर माल पोहोचवायचा, आणि डिक्कीत एक नमुन्याची झूल ठेवायची: जांभळी, जरीच्या काठाची, अक्कानं केलेली सगळ्यात देखणी. कुठेही ऐटबाज बैल दिसला की झूल टाकायची पाठीवर, काढायचा फोटो, आणि टाकायचा मोबाईलच्या स्टेटसला. लोक विचारायचे, ऑर्डरी यायच्या, आणि मला वाटायचं, धंदा माझ्यावर चाललाय. अक्काकडे बटणांचा फोन. तिनं माझे फोटो कधी पाहिले नाहीत.

मग लम्पी आला. गाईबैलांच्या अंगावर गाठी उठायच्या, पाय सुजायचे, तोंडातून लाळ गळायची. जनावरांचे बाजार बंद झाले, पोळा घरच्या घरी करायचा हुकूम निघाला. अक्का पहाटे लशीची पेटी घेऊन निघायची ती दिवस मावळताना परतायची. तिनं बायकांचं काम थांबवलं आणि मला बोलावून सांगितलं, "दिग्या, नमुना आता बंद. एकाच्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर न्हाई. ती झूल धू, आठ दिवस उन्हात टाक अन् पेटीत ठेव."

"बराबर," मी म्हणालो.

झूल डिक्कीतच राहिली. आपल्या माणसानं काळजीनं सांगितलेलं असलं की आपण त्यातलं थोडं वजा करून ऐकतो. मी सगळंच वजा केलं.

परतूरच्या वाटेवरच्या एका वाडीत हुसेनचाचा राहायचे. त्यांच्या हौशा बैलाचं वय झालं होतं. रोगाची बातमी यायच्या आधीच त्यांनी झूल सांगून ठेवली होती: "बेटी, हौशा का ये आखरी पोळा है. अगले साल से बस बैठ के खाएगा. झूल ऐसी बना के लोगां देखते रहना." ती तयार झाली होती. एका रविवारी मी ती पोहोचवायला गेलो. चाचांनी पुडकं घेतलं, वरूनच हात फिरवला आणि कपाटावर ठेवून दिलं. नवी झूल पोळ्याच्या आधी बैलाच्या अंगावर टाकत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण फोटोशिवाय परत कसं जायचं? हौशा तर समोर उभा, चांदीसारखा पांढरा.

"चाचा, नवी राहू द्या. माझ्याकडं दुसरी हाय, तिच्यावर काढू."

त्याच दिवशी सकाळी ती जांभळी झूल दुधना नदीच्या काठच्या एका गावात दुसऱ्या बैलाच्या पाठीवर होती. मी ती तशीच काढली, झटकली आणि हौशाच्या अंगावर टाकली. चाचा बाजूला उभे राहिले, टोपी सरळ केली. फोटो फार सुंदर आला. सत्तावीस जणांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

बुधवारी अक्का त्याच वाडीत लस टोचायला गेली. हौशालाही तिनं टोचलं. प्रत्येक जनावराला नवी सुई, हा तिचा नेम. संध्याकाळी ओट्यावर बसून ती वापरलेल्या सुया मोजायची. जितकी जनावरं तितक्या सुया भरल्या की मगच हातपाय धुवायची. त्या दिवशी एक सुई कमी भरली. तिनं पुन्हा मोजल्या. दाजींनी मोजल्या. पेटी उलटी करून झाडली. एक कमी ती कमीच.

"पडली असंल कुठं वाटंत," दाजी म्हणाले.

"पडली असंल," ती म्हणाली. "न्हाईतर एकाच सुईनं मी दोघांला टोचलं असंल."

गुरुवारी मला दुधनेच्या गावातून फोन आला. तिथल्या त्या बैलाला गाठी उठल्या होत्या. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मोबाईलमधला हौशाचा फोटो पुसून टाकला. आधी फोटो पुसला. झूल नंतर जाळली. अक्काला फोन करायचं राहिलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आठ-दहा दिवसांत हौशाला ताप भरला. अंगावर लिंबाएवढ्या गाठी आल्या, पुढचे पाय सुजले. अक्का दिवसातून दोनदा जायची. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची, फुटलेल्या गाठींवर हळद लावायची, हातानं कोवळा घास भरवून बघायची. मीही गेलो. चाचांना तिनं चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं होतं. चाचा आणि मी दाराशी बसून होतो. चाचा म्हणाले, "भाई, फोटो में कित्ता अच्छा दिख रहा था ना?" मी मान हलवली. पोळ्याला दोन दिवस उरले असताना हौशा गेला.

जेसीबीनं खड्डा खणला, चुना टाकला. चाचांनी कपाटावरचं पुडकं आणलं, सुतळी सोडली आणि नवी झूल स्वतः खाली उतरून हौशावर पसरली. वर आल्यावर त्यांना धाप लागली होती. तेव्हा अक्का पुढे झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चाचा, हे माझ्या हातानं झालं. त्या दिवशी एक सुई कमी भरली. मी दुसऱ्या गोठ्यातनं आणलं."

"ऐसा नको बोलू बेटी. बीमारी पूरे तालुके में है."

"न्हाई चाचा. माझी सुई कमी हाय."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. लग्नात ज्याला गप्प करायला वाजंत्री लावावी लागते, तो माणूस. मला फक्त दोन वाक्यं बोलायची होती. मी चुन्याची रिकामी पोती गोळा करत राहिलो.

महिनाभरात अक्कानं तालुक्याच्या ऑफिसात टेबलाचं काम मागून घेतलं. साहेबांनी समजावलं, दाजींनी समजावलं. "ज्या हाताचा हिशोब लागत न्हाई, तो हात ढोराला लावू नाय," यापलीकडे ती बोलेना. सकाळी डबा घेऊन जायची, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर रजिस्टरात चढवायची, पाचला परत. घरी कुणी बोलवायला आलं तर चहा पाजायची आणि दुसऱ्याचा पत्ता द्यायची. साजाचं काम पुन्हा सुरू झालं, पण मापाला ती जाईना. बायकांना तिनं लहान, मध्यम आणि मोठं अशी तीन मापं ठरवून दिली. माल पूर्वीपेक्षा जास्त खपू लागला. झुली बैलांच्या पाठीवर कधी ढिल्या बसायच्या, कधी आखूड. कुणी तक्रार केली नाही. मालकांना गोंडे पसंत होते.

मी का बोललो नाही, याची कारणं माझ्याकडे भरपूर होती, आणि एकेक फार सोयीचं होतं. आधी वाटलं, ती चिडेल. मग वाटलं, वेळ जाऊ द्यावा, ती सावरेल. मग वाटलं, आता इतक्या उशिरा सांगून तिला उगाच त्रास कशाला? माझ्या बायकोनं दोनदा विचारलं, "तुमचं अक्काशी काही बिनसलंय का? रविवारी जाणं टाळून राह्यलात." मी म्हणालो, गोदामात काम फार आहे. दोन पोळे असे गेले.

दुसऱ्या पोळ्यानंतर एका दुपारी मी वाटूरला गेलो. अक्का पुढच्या खोलीत गोंडे बांधत होती. मला लोकरीची लडी धरायला लावली. तेवढ्यात एक माणूस आला. त्याची गाय दोन दिवस खात नव्हती. अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. पाणी किती पिते, रवंथ करते का, शेण कसं पडतं, असे चार प्रश्न विचारले. मग म्हणाली, "परतूरच्या दवाखान्यात घेऊन जा दादा. आजच जा." तो निघाला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत अक्का दाराकडे बघत उभी होती, आणि तिचे दोन्ही हात काखेत होते.

मी लडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. जांभळी झूल, दुधनेचा बैल, फोटो, गुरुवारचा फोन. बायका कामं थांबवून ऐकत होत्या. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला मारेल. लहानपणी तिनं मला पुष्कळ मारलंय. पण ती खाली बसली आणि तिनं मघाच्या माणसाला विचारले तसेच मला प्रश्न विचारले.

"दुधनेच्या बैलाच्या अंगावर किती येळ व्हती?"

"पाच मिनिटं."

"घाम व्हता का त्याला?"

"औतावरनं सुटून आल्ता."

"डिक्कीत पॅक व्हती? ऊन लागलं व्हतं का झुलीला?"

"न्हाई."

मग ती म्हणाली, "झुलीनं आलं असंल. सुईनं बी आलं असंल. माशीनं आलं असंल, बहुतेक माशीनंच. आता कुणालाच सांगता यायचं न्हाई, दिग्या. तुला बी न्हाई अन् मला बी न्हाई." मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. तिला ते दिसलं असावं. ती म्हणाली, "पण हे मला त्याच दिवशी कळलं असतं, तर सुईबरोबर झूल बी मोजली असती मी. निस्ती सुईच धरून बसले नसते. दोन वर्षं, बाबा. दोन वर्षं मी हात बांधून बसले."

"चुकलं अक्का."

"झूल टाकली ती चूक व्हती. माणसाच्या हातनं चूक व्हतेच. गप बसलास ते चूक न्हाई." ते काय होतं, त्याला तिनं काही नाव दिलं नाही. मला चहा करून दिला. तो मात्र तिनं माझ्याबरोबर बसून घेतला, आणि ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आदल्या दिवशीच्या त्या माणसाच्या गोठ्यावर गेली. गाय परतूरच्या औषधानं सावरत होती. अक्कानं मालकाला बाहेर काढलं, आणि पाच मिनिटांऐवजी अर्धा तास उभी राहिली. हे दाजींनी मला फोनवर सांगितलं. त्यानंतर ती हुसेनचाचांकडे जाऊन आली. जाताना मलाही नेलं, बोलायला मलाच लावलं. चाचा खूप वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग अक्काला म्हणाले, "बेटी, नया बछड़ा लिया है. नाप ले." तिनं माप घेतलं. माझ्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, आणि पुढेही फारसे बोलले नाहीत.

सात महिने तिनं काम केलं. ऑफिसातलं टेबल सोडलं, गोठे पुन्हा धरले. तिन्ही ठरीव मापं मोडीत काढली. हिवाळ्यात तिला थकवा यायचा, जिना चढताना थांबायची. गाईची नाडी दुरून ओळखणाऱ्या बाईनं स्वतःची कुणाला पाहू दिली नाही. एका सकाळी छातीत कळ आली. जालन्याला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. वय सत्तावन्न.

दहाव्याला वाटूरला मोठी गर्दी झाली. बहुतेक माणसं अनोळखी, गोठ्यांतून आलेली, कपड्यांना चाऱ्याचा वास असलेली. मी नेहमीप्रमाणे लोकांत बसून तिच्या गोष्टी सांगत होतो. बांगड्यांची सांगितली, शेणात मी आडवा झालो तीही सांगितली. लोक रडता रडता हसत होते. मला ते चांगलं जमतं.

गर्दी पांगल्यावर एक पन्नाशीची बाई माझ्याजवळ येऊन बसली. दूरच्या वस्तीवरची. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी थांबला होता. तिनं पदर नीट केला आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमी बाईचे भाऊ न? एक इचारू का?"

"विचारा."

"दोन सालामागं माझी गाय अडली व्हती. मालक बोलवाया आल्ते. बाई आल्या न्हाईत, दुसरीकडं जा म्हणल्या. त्याच्या आधी कवाच न्हाई म्हणल्या नव्हत्या. पावसात बी यायच्या. माझ्या तोंडून काही वाकडं गेल्तं का त्यांला? मी लई आठवून बघितलं. मला काही आठवत न्हाई. त्या गेल्या, आता कुणाला इचारू?"

त्या दिवसांत त्यांची तब्येत बरी नव्हती, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. कुणाचं काही बिघडलं नसतं. दोन वर्षं ती बाई हे मनात घेऊन गाईमागे हिंडत होती.

मी तिला सगळं सांगितलं. झूल, फोटो, सुई, माझं गप्प बसणं. ती मान खाली घालून ऐकत होती. मी संपवलं तरी वर पाहिलं नाही.

"वासरू निघालं व्हतं जित्तं," ती म्हणाली. "गाय गेली."

मग तिनंच पुढे विचारलं.

"मंग बाई माझ्यावर रागावल्या नव्हत्या."

"नव्हत्या."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथं वळून उभी राहिली.

"तुमचं नाव काय म्हणलात?"

"दिगंबर."

तिनं ते एकदा स्वतःशी उच्चारलं, लक्षात ठेवायचं असलं की म्हणतात तसं, आणि पायात चपला घालून नवऱ्याकडे गेली.